ड्रायव्हिंग स्कूलमधली राणी

ती. ताईच्या डाव्या पायाला (उजव्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणून त्याला लांबूनच) धाकट्या भावाचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. तुझ्या भावजयीची कंबर तिच्या म्हणण्याप्रमाणे मोडली आहे, आणि मोडक्या कंबरेने ती रोज सगळा बाजार पालथा घालून येते. तुझा गुडघा वाकतो का? सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच दोन नवे शिकवून आलीस? भाचा म्हणतो, तू दिवसभर खिडकीशी बसून असतेस आणि कुणी 'चल' म्हटलं की 'माझं आटोपलं आता' म्हणतेस. हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. जिने अख्ख्या गल्लीला धाकात ठेवलं, तिच्या तोंडी ते शोभत नाही. म्हणून तुझं मन रमावं यासाठी माझी ताजी फजिती सविस्तर लिहितो. माझ्या फजितीने तुला लहानपणापासून बरं वाटत आलंय.

तर, आमच्या शहरात दर वर्षी नाच-गाणी-नाटकांचा एक महोत्सव भरतो. चष्म्याचं दुकान चालवत होतो तोवर मला त्यातली फक्त दुकानासमोरची गर्दी दिसायची. आता दुकान मुलाने ताब्यात घेतलंय (मला काचा पुसायची परवानगी आहे), तेव्हा यंदा जरा चौकशी केली, तर कळलं की त्यात कुणीही भाग घेऊ शकतो. कुणीही म्हणजे अगदी मीसुद्धा. मला काही खरं वाटेना. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, दोन स्वगतं पाठ करून मी त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, कलाकार कोण कोण, नाटकात आग किंवा जिवंत प्राणी आहे का? मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, झालं तर मग, जागा आणि वेळ नंतर कळवा. मी तिथेच उभा. शेवटी न राहवून म्हटलं, "अहो, पण नाटक कसं आहे ते ऐकणार नाही का?" तर म्हणाल्या, "ते आम्ही नाही ठरवत, काका. ते प्रेक्षक बघतील." ताई, इतका अपमान माझा कुठल्याही नकाराने झाला नव्हता.

मला आपल्या वेळची निवड आठवली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाबा, दवाखान्यातला कंपाउंडर आणि लाकडाच्या वखारीचे मालक असे तिघं मांडीवर हात ठेवून बसायचे आणि आपण पोरं दाराबाहेर रांगेत घाम पुसत. आत काय चाललंय ते कळावं म्हणून मी खिडकीवर चढायचो आणि तू खालून माझे पाय धरायचीस. तो सरसाचा वास, ती दाढी चिकटवली की दोन दिवस हुळहुळणारी हनुवटी, आणि त्या तिघांपैकी कुणी खाकरलं की खिडकीवरून तुझ्या अंगावर कोसळणारा मी! 'राणी आणि आचारी' हे नाटक तू चौदाव्या वर्षी लिहिलंस. राज्य गेलं तरी जेवणाची वेळ चुकू न देणारी राणी, आणि तिला सोडून न जाणारा आचारी. मी आचारी झालो. राणी मात्र डॉक्टरांची मुलगी, कारण पडद्याच्या चादरी त्यांच्या घरून यायच्या. तू तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले होते, "आपल्या पोरीने काय करायचं ते पडद्यामागून करावं." आणि तू केलंस. एका हाताने दोरी आणि तोंडाने सगळं नाटक, तेही वहीकडे न बघता. आम्ही पुढे उभं राहून नुसते ओठ हलवायचो.

असो. पाल्हाळ लावायची सवय गेली नाही. तर या महोत्सवात निवड नाही, पण बाकी सगळं तुमचं तुम्ही बघायचं. कार्यालय फक्त कार्यक्रमपत्रिका छापतं आणि तिकिटं विकतं. जागा शोधा, मालकाला पटवा, प्रेक्षक धरून आणा. नाट्यगृहं केव्हाच भरली होती. मग चपलांची गोदामं झाली, न्हाव्याचं दुकान झालं (तिथे आधीच एक गायिका बसली होती, आरशांमुळे ती बाराजणी दिसायची), आणि शेवटी एका ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणीची खोली मिळाली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. मी कुठेही उभा राहिलो तरी डोक्यामागे 'पुढे तीव्र वळण' येतं. सिंहासन म्हणून तिथल्या मास्तरांनी मोटारीची एक जुनी सीट दिली, पट्ट्यासकट. तुझंच नाटक, पण राणीची जागा रिकामी ठेवून आचाऱ्याने तिच्याशी बोलायचं, असं मी बसवलं होतं. (का, ते पुढे येईल.)

खोली एक आणि खेळ दिवसाला पाच. माझ्या आधी एक बाहुल्यावाली बाई, माझ्यानंतर सासूवर तासभर बोलणारा एक जावई. मधल्या पंधरा मिनिटांत बाईंचं जंगल उचलायचं आणि माझं स्वयंपाकघर मांडायचं. रीत अशी की ज्याचा खेळ संपला त्याने पुढच्याचे दिवे सांभाळायचे. त्यामुळे माझ्यावर प्रकाश टाकते ती बाहुल्यावाली, आणि जावयाच्या सासूपुराणाला उजेड मी पुरवतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आपल्यातल्याच कुणीतरी जाऊन बसायचं. बाहेर रस्त्यावर तर जो तो ज्याला त्याला पत्रकं वाटतोय. मी एका गृहस्थाला मोठ्या अदबीने माझं दिलं, त्याने तितक्याच अदबीने त्याचं मला दिलं, आणि दोघंही 'नक्की येतो' म्हणून उलट दिशेला गेलो. माझ्या भित्तिपत्रकावर जावयाने त्याचं चिकटवलं होतं. मी त्याच्यावर माझं चिकटवलं. आता तो थर इतका जाड झालाय की पावसात भिंतीला तडा जाणार नाही.

पहिल्या खेळाला माणसं किती, ते विचारू नकोस. तुझी भावजय पहिल्या रांगेत होती आणि रांग एकच होती. अर्ध्यावर आलो आणि वाक्य गेलं. साफ गेलं. ताई, मग मी काय केलं असेल? सवयीने डावीकडे सरकलो आणि कान पुढे केला. तिथे मास्तरांचं लोखंडी कपाट होतं. त्या कपाटाला कान लावून मी उभा. किती वेळ, देव जाणे. आतून काही येईना. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मला वाटायचं की मी बरा नट होतो. माझ्या डाव्या कानाशी तू होतीस, एवढंच होतं ते. तुझी फार आठवण आली गं. मग भावजयीनेच 'अहो, आमटी' असं ओरडून माझी गाडी रुळावर आणली (नाटकात आमटी नाही, पण काम झालं).

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. कुणीतरी लिहून गेलं होतं की आचाऱ्याने कपाटाशी साधलेला मूक संवाद काळजाला भिडतो, आणि सगळ्या प्रयोगात सर्वांत दमदार काम रिकाम्या खुर्चीचं आहे. मास्तर तेव्हापासून त्या सीटवर कुणाला बसू देत नाहीत. कपाटही रोज पुसतात.

मुलांना आशीर्वाद. भाच्याला म्हणावं, मामा आता कलावंत झालाय, जपून बोलत जा.

तुझा,
आचारी

ता. क. माझा करडा मफलर तुझ्याकडे राहिलाय. तो पोस्टाने पाठवू नकोस.

ता. क. २. कारण तो तू स्वतः घेऊन येणार आहेस. रविवारी शेवटचा खेळ आहे. भाचा तुला गाडीतून आणून सोडेल, त्याच्याशी बोलून झालंय. जागा रिकामी ठेवण्यात माझी काही कलाबिला नव्हती. पहिल्याच दिवशी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, कलाकार कोण कोण, तेव्हा मी तुझं नाव राणी म्हणून देऊन आलो. पत्रिकेत तसं छापलंय. तुला कळवायचा धीर आजवर झाला नाही. लोक राणी कुठाय म्हणून विचारतात आणि मी सांगतो, गुडघा दुखतोय. तुला उठून उभंसुद्धा राहायचं नाही, सीट मऊ आहे, पट्टा लावून बस. पाठांतराचं तुला सांगायची गरज नाही.

ता. क. ३. 'मी मागून सांगीन, तू कर' असं म्हणशील, ते मला ठाऊक आहे. पण मास्तर भिंतीला एक खिळा मारू देत नाहीत. पडदाच नाही, ताई. मागे उभं राहायला जागाच नाही.