गाडीत एकच पिल्लू आहे

काल्हेर, भिवंडी
९ मार्च २०२४

चि. पूर्वी,

आशीर्वाद. घरी आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा आता जिना चढू देतो. तुमच्या जंगलातल्या कॅम्पात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र गाडीचे ड्रायव्हर दाजी यांच्याकडे देतोय. पिंजरा उतरवायच्या आधी वाच.

गाडी चार दिवस उशिरा आली त्याचा राग माझ्यावर काढू नकोस. पिल्लं जंगलात सोडायच्या परवानगीच्या कागदावर एक सही राहिली होती. ती देणारे साहेब रजेवर, त्यांच्या जागी आलेल्यांना अस्वलं कुठली तेच ठाऊक नाही. त्यात आपल्या अस्वलांच्या केंद्राच्या कुंपणाला लागून नवीन गोडाऊन झालंय. दिवसभर कंटेनर मागे घेताना पीं-पीं-पीं. मी दोनदा जाऊन भांडलो. सुपरवायझर म्हणतो, "काका, इधर जंगल किधर है?" ती जागा म्हणजे माझंच शेत होतं ते, मीच विकलेलं.

अशा ठिकाणी पिल्लांना जंगलासाठी तयार करायचं! दापोड्याला ट्रकात सापडली तेव्हा एकेक तुझ्या ओंजळीत मावत होतं. माझ्यासोबत कामाला असलेल्या नवशाने रोज डोंगरावरून वाळवीची ढेकळं आणली म्हणून दोघं भावंडं वारूळ फोडायला शिकली. नर तर आता माणसाचा वास आला तरी झाडावर पळतो.

गाडीत तोच आहे, एकटा.

मादी नापास झाली. गेल्या शनिवारी वनखात्याचे साहेब परीक्षा घ्यायला आले. त्यांचा एक माणूस पत्र्याचा डबा बडवत आत शिरला. नर सरसर वर चढला. ती मात्र चालत त्या माणसाजवळ आली आणि त्याचे बूट हुंगत बसली.

साहेबांनी विचारलं, "हिच्याशी कोण बोलतं?"

मी म्हणालो, "गोडाऊनच्या आवाजाची सवय झाली असेल, साहेब."

"मग नराला का नाही झाली?"

खाणं ठेवायला नवशा आत जायचा, म्हणून त्यांनी नवशालाच कामावरून काढलं. तो एवढंच म्हणाला, "मी तिच्यासंगं कदी बोललो न्हाय." जाताना माझ्याकडे बघून गेला.

पूर्वी, बोलायचो मी.

पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून तू शिकवलेलं सगळं पाठ होतं. अंगावर गोणपाट, तोंडावर फडकं, आवाज नाही, नाव ठेवायचं नाही. पण तू तिकडे गेलीस आणि महिन्याभरात ती आजारी पडली. चार दिवस तोंडात काही घेईना. डॉक्टरांनी सुई दिली, तरी नाही. पाचव्या दिवशी मी कुंपणाशी बसून म्हणालो, "बाय, खा गो थोडं." आणि तिने खाल्लं.

तिथेच थांबलो असतो तर तुला तोंड दाखवता आलं असतं. ती आठवड्यात बरी झाली. मी पुढे चार महिने रोज बोलत राहिलो. नवशा जेवायला गेला की जायचो. काय बोलायचो ते विचारू नकोस. तुझ्याशी बोलायचं राहिलेलं असायचं बहुतेक.

पाच दिवस हे पोटात ठेवलं. शेवटी तुझ्या आईला सांगितलं, तर तिने माझ्यासमोरचं ताट उचललं. "नवश्याची चूल बंद हाय, आन् तुम्ही जेवताय?"

काल साहेबांपुढे सगळं कबूल केलं. नवशा आज कामावर आला. मी त्याची माफी मागितली. तो "हां" म्हणाला आणि ढेकळं आणायला निघून गेला. मला पिंजऱ्याकडे जायची बंदी आहे, आता गेटवर ड्युटी. मादी जन्मभर इथेच राहणार. मला लांबून पाहिलं तरी कुंपणाशी येऊन उभी राहते. मी तोंड फिरवतो.

आता कामाचं. नर बहिणीशिवाय कधी झोपलेला नाही. दोन-तीन दिवस तिला शोधेल, ओरडेल. लहान मुलासारखा ओरडतो, ऐकवत नाही. तरी कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस. तूसुद्धा जाऊ नकोस. कितीही ओरडला तरी एक शब्द बोलू नकोस.

ज्याला एवढं जमलं नाही, तो
तुझा बाबा
पंढरी