पुंडलिकची काठी

चांदा. पोळ्याची कर, १९८४

गंज चढला होता म्हणून रंगवली, अजून काऊन? माहा पोरगा पुंडलिक रविवारी क्लबात खाणीच्या साहेबाच्या गोल्फच्या काठ्या उचलायचा. तो खाणीत मेला, तवा साहेबानं चेंडू ढकलायची ही जुनी काठी आमाले दिली. आज घासून तिले बैलाच्या शिंगाचा उरलेला लाल रंग मारला. पोरगा ही हातातच धरून चालायचा, मुठीचं चामडं त्याच्या घामानं काळं पडलं होतं. ते चुलीत टाकलं, सायकलची मूठ बसवली.

बायको म्हणे, "चामडं कुठी हाय?"

"जाळलं. सडलं होतं."

"पोराच्या काठीचं बैलाचं शिंग केलं तुमी."

तवापासून राख चाळून राह्यली. काळं चामडं राखेत सापडते काय? नवी मूठ चांगली हाय. मंग मले धरवत काऊन नाई? जाऊ दे. यावर मी काई लिहीत नाई.