फाटक जसं होतं तसं

प्रिय ब्रायनी,

जुलैतल्या त्या रविवारी सकाळी साडेपाचला मी शेडमधून तुझी सायकल बाहेर काढली. तू झोपली होतीस. माझ्या सायकलची चेन आदल्या दिवशी तुटली होती. सीट चार बोटं वर घेतली आणि प्रोबर्टच्या शेतातल्या वाटेने ओढ्यापर्यंत जाऊन आलो. त्या दिवशी चर्चमध्ये बायबलमधला उतारा मला वाचायचा होता, आणि शब्द तोंडात घोळवायला ती वाट मला बरी पडते. चढ असा नाहीच, दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण, आणि त्या वेळी सशांखेरीज कुणी भेटत नाही. तू उठायच्या आत मी परत आलो. हे मी कुणालाही सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नव्हती, हे मला गेल्या पंधरवड्यात कळलं. पण ते पुढे लिहितो.

वरच्या कुरणाचं फाटक सताड उघडं होतं, दोरीने खांबाला बांधलेलं. मी उतरलो, दोरी सोडली, फाटक लावलं, कडी घातली आणि पुढे गेलो. मनात उतारा चालू होता. गावच्या शाळेत फळ्याच्या वर एक तक्ता होता, आणि मिस ऑर्चर्ड आमच्याकडून तो रोज म्हणवून घ्यायची: प्रत्येक फाटक बंद करा. पुढे तो नियम बदलला. फाटक उघडं का आणि बंद का, हे शेतकऱ्याला ठाऊक, आपण जसं दिसेल तसं ठेवावं. हे मलाच सर्वांत चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण त्याच खांबावर मी स्वतः कापलेली, स्वतः रंगवलेली पाटी आहे: ‘फाटक जसं दिसेल तसं ठेवा.’ पण हात सुताराचा असला तरी सवय त्या शाळेतली.

पुढचं तुला ठाऊक आहे. उन्हाने वरच्या कुरणातलं टाकं आटलं होतं, म्हणून मेंढ्यांना ओढ्यावर जाता यावं यासाठी प्रोबर्टने फाटक बांधून ठेवलं होतं. बायकोच्या ऑपरेशनसाठी तो दोन दिवस इस्पितळात होता. सोमवारी संध्याकाळी परतला, तेव्हा पाच मेंढ्या फाटकाला तोंड लावून मरून पडल्या होत्या. आणि धुळीत तुझ्या पुढच्या टायरची बाणासारखी नक्षी उमटलेली. गावात तसं टायर दुसरं नाही.

मंगळवारी तो आपल्या स्वयंपाकघरात उभा होता. टोपीही काढली नव्हती. “तुझ्या शब्दावर मी सायकलवाल्यांना वाट दिली,” तो मला म्हणाला. “तुझ्या त्या म्हाताऱ्यांच्या कंपूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ही पोरगी माझ्या जमिनीवर पुन्हा दिसता कामा नये.” तू म्हणालीस, “मी तिकडे गेलेच नव्हते.” आणि माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, तू आधार मागते आहेस. मी किटलीत पाणी भरायला वळलो.

तेव्हा मनात काय चाललं होतं तेही लिहितो. ती वाट गेली, तर शनिवारी सायकलवर निघणाऱ्या आमच्या मंडळींना मोठ्या रस्त्याने जावं लागणार, जिथे खडीचे ट्रक कोपराला घासून जातात. डल्सी त्र्याहत्तर वर्षांची आहे. मी स्वतःला सांगितलं, की हे मी त्यांच्यासाठी करतो आहे. ते पुरतं खोटं नव्हतं, म्हणूनच इतके दिवस टिकलं. चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या, लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे. तो शब्द जाईल ही भीती त्याच्याही खाली होती.

शनिवारी चहाच्या थांब्यावर डल्सी केकचा तुकडा मोडत म्हणाली, “आजकालच्या पोरींना पुढचं दिसतं ते फक्त फोनमध्ये.” सगळे हसले. मग मी तिथेच आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, “तुला नाही रे बोलत. बापाचं वळण प्रत्येकाला लागतंच असं नाही.” मी केक खाल्ला. तो घशाखाली उतरला, हे आज लिहिताना लाज वाटते.

प्रोबर्ट येऊन गेला तेव्हापासून तू सायकलला हात लावला नाहीस. मी तुझ्या आईला म्हटलं, रुसली आहे. सप्टेंबरात तू शेफील्डला शिकायला गेलीस, तेव्हा स्टेशनवर मी तुला विचारलं, सायकल पाठवून देऊ का. “राहू दे, बाबा. तुम्ही वापरा,” असं म्हणालीस आणि गाडीत चढलीस. मी ते प्रेमाने म्हटलेलं धरलं.

दोन रविवारांपूर्वी प्रार्थना संपल्यावर प्रोबर्टने मला चर्चच्या दारात थांबवलं. खिशातून तुझं पत्र काढलं. “पोरीने शेवटी कबूल केलं बघ,” तो म्हणाला. “लिहिते, फाटक मीच लावलं, बाबांच्या वाटेला धक्का लावू नका. आता विषय संपला. नाताळात आली की येऊ दे तिला फिरायला.” आणि त्याने माझा हात हातात घेतला. ब्रायनी, सगळं मिटलं होतं. वाट राहिली, तुझ्यावरची बंदी उठली, माझं नाव स्वच्छ. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्यात आता मी चांगलाच तरबेज झालो होतो.

घरी आलो तो तडक शेडमध्ये गेलो. तू असं खोटं का लिहिलंस, हे मला कळेना. तुझी सायकल भिंतीला टेकलेली होती, कोळ्यांनी चाकांत जाळी विणलेली. सीटच्या दांड्यावर तू खुणेसाठी लावलेली लाल पट्टी दिसत होती. सीट तिच्या चार बोटं वर होती. माझ्या उंचीला. ती खाली करायला मी विसरलो होतो, आणि तू ती तशीच ठेवलीस. सोमवारी तू ती काढायला आली असशीलच; म्हणजे सायकल मी नेली होती, हे प्रोबर्ट आला त्याच्या आधीच तुला कळलं होतं. स्वयंपाकघरात तू आधार मागत नव्हतीस. माझी वाट पाहत होतीस.

मंगळवारी मी त्याच्याकडे गेलो. एक मेंढी उलटी धरून तो तिची खुरं कापत होता. मी कुंपणाबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. त्याने हातातलं खुर कापून संपवलं.

“म्हणजे पोरीचं पत्र खोटं?”

“खोटं.”

“आणि तू चार महिने माझ्या पुढच्या बाकावर गुडघे टेकत होतास.”

“हो.”

त्याने मेंढी सोडली. “तुझी पाटी काढ. आजच. सायकलवाले बंद, सगळे.” मी वळलो, तेव्हा मागून म्हणाला, “पोरगी आली तर येऊ दे. तिला वाट आहे. तुला नाही.”

पाटीचे चारही स्क्रू गंजले होते. काढायला वेळ लागला.

हे पत्र तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही. ती समोर उभं राहून मागायची असते, आणि तुला द्यावीशी वाटली तरच द्यायची असते. तू माझ्यासाठी स्वतःवर घेतलंस ते आता तुझ्यावर नाही, एवढं तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितो आहे. काल चर्चमध्ये सूचना वाचायची पाळी माझी होती. फुलांची यादी वाचली, छपराच्या दुरुस्तीचं वाचलं, आणि मग कागद खाली ठेवून फाटकाचं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, की ती तिथे नव्हती. डल्सी बाहेर पडताना माझ्याशी बोलली नाही. किल्ल्या मी पाद्रींच्या हातात दिल्या. घरी येऊन तुझी सायकल पुसली, आणि सीट लाल पट्टीवर आणून घट्ट केली.

जसा आहे तसा, पण तुझाच,
बाबा