काळी पाचवरून खाली

१९ मार्च
अंबडच्या शाळेत शिकवून बसनं घरी आलो. शाळेची बॅग खांद्यावर, दारातच थांबलो. आत पेटी चालू. सुनंदा एकटीच गाऊन पाहून राह्यली होती. खालचं सगळं बराबर. वर गेली की आवाज टर्रकन फाटतो. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. पेटीचा भाता बंद केल्याचा आवाज आला, मंग मी चपला आपटत आत गेलो. "आज जल्दी आले?" म्हणली. डोळे लाल.
दिवाळीनंतर तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव थाऱ्यावर आला. वरचे सूर मात्र गेले. डॉक्टर म्हणतात, येतील बी, न येतील बी.

२१ मार्च
मेहुण्याचा फोन, जाफराबादहून. दादाराव. आमच्या गायन पार्टीत ढोलकी त्याची, आवाज तिचा, गिटार माझी. १८ एप्रिलला तिच्या माहेरच्या गल्लीत भीमजयंतीचा कार्यक्रम. दरसाल तीच गाते. फोनवर म्हणली, "यंदा दुसरी कोणी पाहा." ठेवला.
मी म्हणलं, पट्टी उतरव ना. पेटीची काळी पाच सोडून काळी चार. एवढं काय त्यात!
"लग्नाच्या आधीपासून काळी पाचला गाते मी. माहेरात जाऊन उतरून गाऊ? त्यापेक्षा न्हाई गायलेलं बरं."
आमच्यात गाणाऱ्या बाईची पट्टी म्हणजे तिचं आडनाव. बोललो ते चुकलंच.

२२ मार्च
आंघोळ करताना सुचलं. सु. गाताना माझ्या डाव्या हाताकडं पाहते. हात गिटारीच्या मानेवर सहाव्या घरात असला की तिच्या लेखी काळी पाच. मंग अख्खी गिटारच दोन सुरांनी खाली लावली तर? हात सहाव्याच घरात, सूर निघेल काळी चारचा. तिचा गळा मोकळा होईल, तिला वाटेल आवाज परत आला.
किशोरकडं गेलो, मस्तगडला. पार्टीत की-बोर्ड त्याचा. त्यात पट्टी बदलायचं बटणच असतं. तो म्हणला, "सर, वहिनींना कळालं तर तुमचं काही खरं न्हाई."
"आणि तुझं?"
"मी म्हणीन, सरांनी सांगितलं."
घरची पेटी दुरुस्तीच्या नावानं त्याच्याकडं ठेवायची अन् दादारावला बिलकुल सांगायचं न्हाई असं ठरलं. त्याच्या पोटात काही राहत न्हाई, बहिणीपासून तर न्हाईच.

२४ मार्च
गिटार उतरवून पाहिली. सत्यानाश. माझ्या नेहमीच्या बारीक तारा, नऊचा सेट, पार ढिल्या. पायजम्याची नाडी वाजवल्यासारखं. जरा जोरात छेडली की तार फ्रेटला लागून भणभण करते, आणि बोट दाबलं की सूर वरच पळतो. खाली लावायचं तर जाड तारा पाहिजेत. अकराचा सेट मागवला. ती म्हणली काय मागवलं? म्हणलं तारा. "मागच्याच महिन्यात टाकल्या ना?" गंजल्या म्हणलं. जालन्याच्या मार्च महिन्यात तारा गंजल्या!

२९ मार्च
पार्सल आलं. सुट्टी होती. आजवर हे सगळं संभाजीनगरच्या दुकानात करून आणायचो. या वेळी स्वतः. मोबाईलवर व्हिडिओ लावून, पलंगावर चादर टाकून, गिटार उताणी.
जाड तार मानेच्या टोकाच्या खाचेत बसंना. खाच बारीक तारेची. जुन्याच जाड तारेला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसलो. घास, तार ठेव, पाह्य, पुन्हा घास. जास्त खोल गेली की संपलं, भरून येत न्हाई.
तारा चढवल्या, तर तारा अडकवायचा खालचा ब्रिज मागून उचलला गेला, गाडीच्या डिकीसारखा. जाड तारांचा ओढा जास्त. गिटार पालथी केली, मागचं झाकण काढलं, आतल्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे थोडे आवळले. पुन्हा सूर लावा. पुन्हा आवळा. एक तार जुळली की दुसरी उतरते.
सु. पदराला हात पुसत आली. "काय करून राह्यले तुम्ही? तिचं बी ऑपरेशन का?"
हसलो. तीबी हसली. कितीक दिवसांनी.

३० मार्च
सकाळी पाहतो तर मान पुढं वाकलेली. मधे बोट घातलं तर तार अन् लाकडात चांगली फट. मानेत लोखंडी रॉड असतो, तो आवळायचा. पाव चक्कर, त्याच्या वर न्हाई. करकर आवाज झाला. मोडली वाटलं. न्हाई मोडली. चहा घेतला, थांबलो, पुन्हा पाहिलं. बराबर.
मंग प्रत्येक तारेचा सूर मोकळा अन् बाराव्या घरात दाबून, दोन्ही जुळेस्तोवर ब्रिजवरचे, तारेखालचे ठोकळे मागं सरकवत गेलो. जाड तारेचा ठोकळा पार मागं गेला. संध्याकाळी छेडली. काय सांगू! आवाज भरला होता. गिटार वयात आली वाटलं. बोटांची सालटं निघाली ते वेगळंच.

५ एप्रिल
किशोरच्या घरी प्रॅक्टिस. दादाराव नव्हता, त्याच्याकडं गव्हाची मळणी. सु. यायलाच तयार नव्हती. म्हणलं नुस्ती बसायला चल. सहाव्या घरात हात ठेवला. तिनं पाहिला. गुणगुणली. मंग उठून उभी राहिली अन् गायली. वर गेली, तशीच राहिली, फाटला न्हाई आवाज. पूर्ण गाणं.
"आला हो! काळी पाचला आला!" म्हणत किशोरच्या बायकोच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. किशोर वायर गुंडाळत बसला, वर पाहीना.
येताना स्कूटरवर मागं बसून सगळा रस्ता गात आली. मला इतका आनंद झाला अन् इतकी भीती वाटली, की गांधीचमनला चुकीच्या बाजूनं वळलो.

१० एप्रिल
गेलं सगळं पाण्यात.
दादाराव आला. ढोलकी घरूनच सुरात मिळवून आणलेली, अर्थात काळी पाचला. आम्ही दोघं शहाणे गिटारीच्या अन् की-बोर्डच्या मागं लागलो, ढोलकीला बी सूर असतो हे एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई. पहिलीच थाप पडली अन् सगळं बेसूर. तो थांबला. "ताई, माझी ढोलकी चढली का यांचा बाजा उतरला?" पुन्हा थाप मारली. "न्हाई न्हाई, माझी बराबर हाय. दाजी, तुमचंच उतरेल हाय."
सु. उठली. किशोरच्या की-बोर्डजवळ गेली, वाकून त्याच्या छोट्या पडद्यावरचा पट्टीचा आकडा वाचला. मंग माझ्याकडं पाह्यलं. चप्पल घालून निघून गेली. दादाराव विचारत राह्यला, "मी काय केलं? मी काय केलं?"

११ एप्रिल
सकाळी बोलली. एवढंच.
"मी काय लेकरू आहे? गळा माझा, पट्टी माझी. उतरवायची का चढवायची, तुम्ही कोण ठरवणारे? पाच दिवस मी खुळ्यासारखी नाचले. गल्लीत सांगत सुटले, आवाज आला म्हणून."
तुझं तोंड पडलेलं पाहवत नव्हतं, असं म्हणलो. म्हणली, "मंग तसं म्हणायचं."
डब्यात भाकर अन् कोरडी चटणी. शाळेत गुपचूप खाल्ली. चांगली होती.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी दोघं वंदनेला गेलो, पांढरे कपडे, सोबत पण अबोला. मिरवणुकीत सगळे विचारतात, वहिनी १८ला आहात ना? ती हात जोडून हसते. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई.
घरी आल्यावर म्हणलं, जुन्या तारा चढवतो, गिटार होती तशी करतो. तू म्हणशील ती पट्टी.
"राहू द्या आता," म्हणली. "सारखं सारखं कापाकापी बरी न्हाई." उशिरानं कळालं, माझ्याशी बोलली.

१९ एप्रिल, जाफराबाद
सासरवाडी. उन्हाच्या आत जीपगाडीनं निघायचं, त्याआधी लिहून घेतो.
काल स्टेजवर जाईस्तोवर गाणार का न्हाई माहीत नव्हतं. जीपमधे खिडकीबाहेर पाहत बसली होती. पट्टी कोणती, विचारायची माझी हिंमत न्हाई. किशोरनं विचारलं तर म्हणली, "तुम्ही हात बांधून बसा."
नाव पुकारलं. गेली. समोर सगळं माहेर, पहिल्या रांगेत तिच्या काकू-मावश्या. माईक धरून म्हणली, "जय भीम. माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. पहिली काळी पाच आता न्हाई. आहे ते ऐका." अन् सूर न घेताच सुरू केलं. माझ्या हाताकडं पाहिलंच न्हाई.
आम्ही तिघं तिला शोधत सुटलो. सहाव्या घरात न्हाई. पाचव्यात न्हाई. चौथ्यात सापडली. उतरवलेल्या गिटारीवर म्हणजे काळी तीन. एवढ्या खाली! दादाराव ढोलकीचे बोल्ट ढिले करून राह्यला, किशोर बटणं दाबतोय, अन् ती आमच्यासाठी थांबेना. खालचा असला आवाज तिच्याजवळ आहे, मला इतक्या वर्षांत माहीत न्हाई. जाड, जमिनीवर बसलेला. मोठ्या काकूनं पदर डोळ्याला लावला. एक बाई मागं म्हणली, "पहिल्यासारखं न्हाई राह्यलं." तेबी ऐकलं मी. सु.नंबी ऐकलं असंल.
आत्ता चहा घेऊन आली. माझ्या बोटांवरचे फोड पाहिले, फुंकर घातली.
"याच्याहून जाड तारा येतात का हो?"
"येतात. बाराचा सेट."
"मंग मागवून ठेवा. आवाज अजून किती खाली जातो, काय सांगावं."
हसत म्हणली. मीबी हसलो. ती कप उचलून आत गेली, तेव्हापासून मोबाईल हातात घेऊन बसलोय. तारा समोर दिसून राह्यल्या. मागवायचं बटण दाबवत न्हाई.