माझे कॅमेरे एक्सचेंजला जाणार नाहीत

मी सावळाराम बिरू मारकड, वय सत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, सकाळचा चहा झाल्यावर लिहायला बसलो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तरीही शंका येईल त्यांनी तो दोनदा वाचावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलं म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, हे मी वकिलांकडून खात्री करून घेतलं आहे.

हा कागद करण्याचं कारण असं. यंदा दिवाळीत मला बारामतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि हृदयात स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशी माझा एकुलता एक मुलगा चिरंजीव दीपक उशाशी येऊन बसला. वाटलं, कसं वाटतंय म्हणून विचारेल. तो म्हणाला, “आबा, पाडव्यापातुर एक्सचेंजची ऑफर हाय. तुमचे दोन्ही कॅमेरे देऊन टाकू. आन त्या निगेटिव्हच्या पेट्या न्यायला एक जण तयार हाय. जुन्या फिल्ममधनं चांदी काढत्यात ते लोक. दुकानात जागा तरी व्हईल.”

माझ्या तोंडावर ऑक्सिजन होता म्हणून शिवी आतच राहिली. ती आता कलमवार लिहितो. मी डोळे मिटल्यावर दहाव्याच्या आत माझे कॅमेरे आणि पेट्या विकल्या जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची मिळकत ओघाने आली.

कलम एक. इंदापुरातलं राहतं घर, तीन खोल्या आणि पुढची पडवी, तसंच नरसिंहपूरच्या वाटेवरचं एक एकर रान माझी पत्नी सौ. साखरबाई हिला तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर दीपक आणि सून सौ. उत्कर्षा यांना निम्मंनिम्मं. माझे वडील बिरू मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी जायचे, त्यांनी म्हातारपणी हे रान घेतलं. त्यात लग्नाआधीचं शूटिंग करायला फुलांची कमान उभारायची नाही. गेल्या वर्षी उभारली होती आणि नवरा-नवरीने माझा हरभरा तुडवला.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते साखरबाईचं. त्यातून लेन्स घ्यायची नाही. “आई, फक्त एकच लेन्स,” असं दीपक म्हणेल. साखरबाईने कानाला पदर लावावा.

कलम तीन. कॅमेरे. मी आयुष्यात तीन कॅमेरे वापरले. पहिल्याबद्दल पुढे लिहिणं भाग पडलं आहे. दुसरा १९९० च्या दसऱ्याला घेतला, रोलचा, लोखंडी अंगाचा, एकच पन्नास एमएमची लेन्स. तो एकवीस वर्षं चालला आणि मोडला म्हणून नव्हे, तर रोल धुणाऱ्या लॅब बंद पडल्या म्हणून थांबला. मग २०११ साली नाइलाजाने डिजिटल घेतला. तो आजही चालू आहे. त्याचं एक बटण गेलंय, तिथे मी काडेपेटीची काडी खोचतो.

दीपक या धंद्यात दहा वर्षं आहे आणि त्याचा सध्याचा कॅमेरा अकरावा. दर वेळी बोलणं तेच: “आबा, ह्यात अंधारातबी दिसतंय.” अरे, अंधारात लग्न लावतं कोण? मांडवात हॅलोजनचा एवढा उजेड असतो की नवरीच्या तोंडावरची पावडर मोजता येते.

हे दोन्ही कॅमेरे मी सून उत्कर्षा हिला देतो. ती लोणी देवकरच्या एका कंपनीत नोकरीला आहे, कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आबा, मला त्यातलं काय कळतंय?” म्हटलं, म्हणूनच. ज्याला कळतं त्याला दर सहा महिन्यांनी जास्त कळायला लागतं, आणि मग हातातली वस्तू नकोशी होते.

कलम चार. निगेटिव्हच्या नऊ पेट्या. याही उत्कर्षाला. दर रविवारी माझ्याबरोबर बसून तिने त्या गाववार लावल्या आहेत. या पेट्यांत दोन तालुक्यांची तोंडं आहेत. आपल्याकडे माणूस गेलं की घरचे रडणं आवरून पहिले फोटोग्राफरकडे येतात. दहाव्याला हार घालायला फोटो लागतो. मग मी कुठल्यातरी जुन्या लग्नाच्या घोळक्यातून तो माणूस शोधतो, एकटा काढतो, मोठा करतो. माझा निम्मा धंदा असा झाला आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

आता सांगवीच्या लग्नाचं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला माझा राग समजेल. गेल्या वैशाखात सांगवीला दीपकने लग्न घेतलं. ड्रोन, क्रेन, चार पोरं, सहा कॅमेरे. मी सहज म्हणून गेलो होतो. नवरीची आजी फुलाबाई पहिल्या रांगेत बसलेली, आणि तिच्यापुढे क्रेन. मंगलाष्टकं सुरू झाली तशी म्हातारी ओरडली, “आरं, माझ्या नातीचं लगीन मला दिसंना! ह्यो उंट बाजूला घ्या!” कोणी घेतला नाही. दीपक म्हणाला, “आजे, नंतर व्हिडिओत बघ की.” व्हिडिओ तयार व्हायच्या आत, विसाव्या दिवशी फुलाबाई गेली. घरचे फोटो मागायला आले. दीपकने सगळ्या हार्डडिस्का पालथ्या घातल्या. नवरीच्या मेंदीचे चारशे फोटो निघाले, रुखवतातल्या लाडवांचे साठ. फुलाबाईचा एक, तोही पाठीमागून, पदर आणि अंबाडा.

शेवटी ती सापडली माझ्या पाचव्या पेटीत. १९९८, तिच्या मुलाचं लग्न, अक्षता टाकताना, तोंडभर हसलेली. तो फोटो आज त्यांच्या भिंतीवर आहे. आणि ज्या पेटीतून तो निघाला ती माझा मुलगा चांदीवाल्याला द्यायला निघाला होता! याला काय म्हणावं? मी त्याला नालायक म्हणतो, आणि हा शब्द वकिलांनी खोडला तरी मी पुन्हा लिहीन.

कलम पाच. हे कलम मिळकतीचं नाही, तरी राहू द्यावं. मला मोह नव्हता असं कोणी समजू नये. मला दीपकपेक्षा जास्त होता. २०१६ साली एक नवा कॅमेरा निघाला तेव्हा मी खोटं सांगून एसटीने पुण्याला गेलो. दुकानात तो हातात घेतला, शटर दाबलं, आणि नुसता तो आवाज ऐकायला आणखी चारदा दाबलं. बाहेर येऊन उसाचा रस प्यालो, परत आत गेलो, परत बाहेर आलो. संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाताने इंदापूर गाठलं आणि आठ दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही.

त्यावर मी एक उपाय काढला. नवं काही घ्यावंसं वाटलं की आधी कागद घ्यायचा. माझ्या आत्ताच्या कॅमेऱ्याने कोणकोणते फोटो बिघडले ते लिहायचं, आणि पुढे दोष कॅमेऱ्याचा की माझा तेही लिहायचं. पहिल्या यादीत तेरा ओळी झाल्या. कॅमेऱ्याचे दोष दोन. बाकी मी: लांब उभा राहिलो, घाई केली, उजेडाची वाट बघितली नाही, माणसाशी आधी दोन शब्द बोललो नाही. लांबचं जवळ आणायला दोन पाय दिलेत देवाने. भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला पुण्याहून लोक तोफांएवढ्या लेन्स घेऊन येतात, एका नावेत सहा तोफा, आणि सहांचाही फोटो एकच. त्यातल्या एकाने माझा कॅमेरा बघून विचारलं होतं, “काका, हा चालतो का?” चालतो. तुमच्यापेक्षा जास्त चालतो.

कलम सहा. फुटकळ. बारामतीचे कॅमेऱ्याचे व्यापारी शंभूराज गावडे यांनी दर दसरा-दिवाळीला मला रंगीत माहितीपत्रकं पाठवली आणि माझ्या मुलाला नादी लावलं. ती सगळी पत्रकं मी सुतळीने बांधून ठेवली आहेत. ती त्यांना साभार परत द्यावीत. माझ्या मातीला ते आले तर येऊ द्यावं, बोलू देऊ नये.

लाकडी ट्रायपॉड माझे मित्र आबाजी शिंगाडे पंधरा वर्षं मागताहेत. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. म्हणून मी आबाजीला साक्षीदार केलं आहे. ट्रायपॉड उत्कर्षाचा.

कलम सात. दुकान. हे कलम मी आधी वेगळं लिहिलं होतं. त्यात दुकानही दीपकला द्यायचं नाही असं होतं. काल दुपारी मी सगळा कागद साखरबाईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “लेकराला येवढं झोडपलंत. तुमचं सांगितलं का त्येला?”

मी म्हटलं, “माझं काय?”

“रोलाचं.”

पस्तीस वर्षांत त्या रोलाचा विषय आमच्या घरात कोणी काढला नव्हता. आता लिहितो.

दीपकच्या आधी आम्हाला मुलगी होती, छकुली. दीपकला एवढंच माहीत आहे की एक बहीण होती आणि लहानपणी वारली. १९९० च्या श्रावणात, एका शनिवारी, आम्ही नरसिंहपूरला गेलो होतो. ती चार वर्षांची होती. भीमा-नीरेच्या संगमावर, घाटाच्या पायरीवर तिला उभं करून मी एक फोटो काढला. तिचा तो पहिलाच. गावाची पोरं रोज माझ्यापुढे बसायची. आपलं काय, घरचंच आहे, केव्हाही काढू, असं म्हणून चार वर्षं गेली होती. रोलवर चौदा फोटो शिल्लक होते. अर्धा रोल धुवायला टाकायचा नाही, वाया जातो, ही आमची तेव्हाची रीत. लग्नसराई नव्हती, रोल संपेना. तेवढ्यात दसरा आला आणि मला नव्या कॅमेऱ्याने वेड लावलं. पुण्याला जाऊन मी जुना कॅमेरा बदल्यात देऊन टाकला. आत रोल होता. नव्याची झाकणं उघडून बघण्यात मी एवढा दंग होतो की जुन्याचं झाकण उघडायचं राहिलं.

दिवाळीनंतर छकुली तापाने गेली. चौथ्या दिवशी साखरबाईने भिंतीला लावायला फोटो मागितला. तेव्हा मला आठवलं. मी धावत पुणे गाठलं. दुकानदार म्हणाला, रोल होता खरा, कॅमेरा विकताना काढून टाकला. मी दोन तालुक्यांच्या मेलेल्यांना तोंडं दिली आणि माझ्या घरातल्या भिंतीवर नुसता खिळा होता. त्या दिवसापासून मी कॅमेरा बदलणं सोडलं. लोकांना वाटलं शहाणपण आहे. ती शिक्षा होती, आणि ती मी दीपकला शहाणपण म्हणून शिकवत आलो. त्याने का ऐकावं?

साखरबाईपुढे हे बोलता बोलता माझ्या तोंडून आणखी एक गेलं, ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मला छकुलीचा चेहरा आठवत नाही. त्या पायरीवर ऊन किती होतं, काय सेटिंग लावलं होतं, ते पाठ आहे. चेहरा नाही.

साखरबाईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, “आवं, मग इचारायचं न्हाय व्हय? मला हाय की ध्येनात. उजव्या भुवईत भवरा व्हता. हासली की डावा डोळा बारीक व्हायचा. वरच्या दातात फट व्हती, त्यातनं पाणी उडवायची तुमच्या अंगावर. रंगानं तुमच्यावर, नाकानं माझ्या सासूवर. पायरीवर हुबी केली तवा तुमाला बघून न्हाय, मागनं गेलेल्या शेळीला बघून हासत व्हती.”

ती बराच वेळ बोलली. मी सगळं टिपून घेतलं, दोन पानं झाली. ती पानं या मृत्युपत्राला जोडली आहेत आणि माझी मिळकत म्हणून त्यांची नोंद करतो.

इंदापूरचं दुकान मी दीपकला देतो. अट एकच. किल्ली घेण्याआधी त्याने मोबाईल बाहेर ठेवून आईसमोर बसावं आणि छकुली कशी दिसायची ते तिच्या तोंडून ऐकावं. मध्ये बोलू नये, आणि ते रेकॉर्ड करू नये. माझा त्याच्यावरचा राग अजून आहे. पण ही दोन पानं त्याची आहेत, आणि साखरबाई आता अडुसष्ट वर्षांची आहे, म्हणून त्याने माझ्या मरणाची वाट बघू नये. आजच यावं.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, पत्नीला वाचून दाखवलं आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्या डोळ्यांदेखत केली. याआधी मी असा कागद केलेला नाही, पुन्हा करायची ताकद नाही.

सही: सावळाराम बिरू मारकड

साक्षीदार:
१. आबाजी धोंडिबा शिंगाडे, इंदापूर (ट्रायपॉडबाबतचा मजकूर वाचला. निषेध नोंदवून सही.)
२. दत्तोबा खंडू देवकाते, नरसिंहपूर

ठिकाण: इंदापूर
तारीख: २४ नोव्हेंबर २०२५