एका घरची, एका वयाची

१४ मार्च
आबांनी पिशवी भरून खुंटीला लावली. येऊन आठवडाच झालाय. म्हणे, लेकीच्या दारात बसून किती दिवस खायचं? मी चिडले. आई गेल्यापासून गावात एकटे. जानेवारीत दम लागून शेतात पडले, दोन तास कुणाला पत्ता नाही. डॉक्टरांनी बजावलंय, एकटं ठेवू नका. आणि ह्यांना लेकीचा घास गोड लागेना! मी नको ते बोलले, मग मोरीत जाऊन रडले.
संध्याकाळी मागची मोकळी जागा बघत म्हणाले, इथं कोंबड्या झाल्या असत्या. मी लगेच, आणू की.
पिशवी अजून खुंटीलाच.

१७ मार्च
जेवताना कोंबड्यांचीच चर्चा. वि.ला कडकनाथ पाहिजे. नवऱ्याचं सगळं ज्ञान मोबाइलमधून येतं. मी म्हटलं गिरिराज, अंडी जास्त. आबा चक्क हसले. गिरिराज जड, मांजर आलं तर बसल्या जागी जाते म्हणे. गावरान चपळ, खुडूक बसते, आपली पिल्लं आपण काढते. काल अंड्यातून निघालेली पिल्लं नकोत, त्यांना बल्बची ऊब लागते. पंख फुटलेली, महिन्याची घ्यायची. मग बोट वर करून, "एका घरची अन् एका वयाची. इकडून चार, तिकडून चार, असं करायचं नाय."
ठरलं.

२२ मार्च, रवि.
फर्दापूरला जाऊन आलो. आबांच्या ओळखीच्या म्हाताऱ्याकडून आठ पिल्लं. आख्खी वाट पिल्लांची पाटी आबांच्या मांडीवर. वि.नं जुन्या पलंगाच्या फळ्यांचं खुराडं ठोकलं, जरा वाकडंच.

२४ मार्च
मानमोडीची लस घ्यायलाच पाहिजे, एकीला ती साथ लागली की सगळं खुराडं जातं, आबांचा धोशा. गुरांच्या दवाखान्यात गेले. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची, आठांसाठी फोडत नाहीत. १६ एप्रिलला बाकीचे लोक येणार, तेव्हा या. तोवर कसं, असं आबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही होत नाही हो.

३ एप्रिल
आज आबांनी एकच भाकरी खाल्ली. खोदून विचारल्यावर म्हणाले, अंडं यायला अजून चार-पाच महिने, तवर फुकटच की. पिशवी काढली, झटकली, परत लावली.

५ एप्रिल, रवि.
अंड्यावरच्या चार कोंबड्या आणल्या! रस्त्याकडेच्या बाजारात एकजण विकत होता. घासाघीस न करता दिल्या, पाय पण बांधून दिले. मला आपलं लई हुशार असल्यासारखं वाटलं.
आबांचा चेहरा उतरला. "अंड्यावरची कोंबडी कोण इकतं? का इकली त्यानं?"
विचारलंच नव्हतं. मग हुकूम: गच्चीवर ठेवायच्या, तीन आठवडे, पिल्लांचं भांडं वेगळं, कोंबड्यांना शिवलं की हात धुवायचे. बरं म्हटलं.

६ एप्रिल
अंडं!! आबांनी स्वतः आणून माझ्या तळहातावर ठेवलं. "घे. माझ्याकडून." दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक मागितलं. पिशवी रिकामी करून कपाटात. आता बरं वाटतंय.

९ एप्रिल
ऊन भयंकर. गच्चीवर पत्र्याखाली कोंबड्या चोची वासून. आबा वि.बरोबर छातीच्या डॉक्टरकडं गेलेले. बघवेना, खाली आणून पिल्लांत सोडल्या. छान टिपत होती सगळी, एकाच भांड्यात पाणी प्याली.
आबा आले. बघितलं. चारी कोंबड्या उचलून वर नेल्या, भांडं राखेनं घासलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
गच्चीवरची तांबडी कोंबडी सकाळपासून पेंगतेय. पंख सैल, हिरवी शिट. दुपारी मान एकीकडं पिळली. आबा म्हणाले, मानमोडी.
चहा घेताना आपणहून बोलले. मी लहान असताना गावातल्या खुराड्यात हेच शिरलं होतं. "उजाडायच्या आत बाजार गाठला माय. धडधाकट दिसत होत्या तवरच इकल्या. घेणारी बाई लेकीला घेऊन आलती." कप खाली ठेवून, "तुझा शाळंचा ड्रेस त्यातच आला."
तो ड्रेस मी दोन वर्षं घातला.

१३ एप्रिल
तांबडी गेली, दुसरी पण. वि.नं खड्डा खणला, वर चुना. गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, पिल्लांत आधीच शिरलं असेल तर लस काही करत नाही, चांगली दिसतायत तोवर १६ला आणा, पण एखादं जरी सुस्तावलं तर इकडं आणू नका, इतरांचे पक्षी असतात. आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं, सगळं खुराडं ब्लिचिंगनं धुतलं. हात भाजेपर्यंत.
आबा खुर्ची टाकून पिल्लांपुढं. पिशवी परत खुंटीला.
"ही आठ ऱ्हायली तर ऱ्हातो," म्हणाले. माझ्याकडं न बघता.

१५ एप्रिल
उरलेल्या दोन पण गेल्या. पिल्लं आठ, खातायत. दर तासाला बघून येते. शाळेत रजा टाकली, माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडं; अर्जात कारण काय लिहू सुचेना.

१६ एप्रिल, सकाळी
नऊला दवाखाना. उठल्या उठल्या दाणे टाकले. सात आली. आठवं भिंतीकडं तोंड करून उभं. उचललं तर अंग तापलेलं. डोकं माझ्या अंगठ्यावर टेकवलं आणि हळूहळू उजवीकडं फिरवायला लागलं.
आतून आबांचा खोकला, मग दारातून आवाज. "सगळी आली का गं?"
पिल्लू ओढणीखाली घेतलं. "आली आबा. आठच्या आठ."
"मग पाटी काढ. निघू."
स्वयंपाकघरात उभ्यानं लिहितेय. ते ओढणीत हलतंय. आबा चपला घालतायत. पाटीत भरताना ते मोजणार.