रुळांखालचं लाकूड

११ मे, रविवार
बुटीबोरीहून लाकूड आणलं. आमच्या कंपनीत मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाइन, साहेबांना विचारून. टेम्पोने हुडकेश्वरला घरापर्यंत, मग जिन्याने वरच्या हॉलमध्ये. शर्ट पिळून काढावा असा घाम. आई (सासूबाई) एकेक पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून पाहत होत्या. वाकडी ती बाजूला.
रेवतीने (बायकोने) मला हळूच विचारलं, "आई खरंच बांधणार हाय का जी?"
बांधणार. बाबा जाऊन वर्ष झालं. त्यांच्या छोट्या आगगाड्या कपाटभर आहेत. दर रविवारी पलंगावर रूळ जोडून गोल फिरवायचे, संध्याकाळी परत डब्यात. आई म्हणतात, "त्यायले खोलीभर गाडी पायजे होती. जागाच नव्हती. आता भाडेकरू गेले, हॉल मोकळा झाला."
गाड्या नंतर. आधी त्याखालची टेबलं. चारही भिंतींना लागून, छातीच्या उंचीची. चालवणारा माणूस मधे उभा.

१४ मे
आई शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. रीत तीच. वर्तमानपत्रं चिकटवून अख्ख्या टेबलाचा नमुना केला, फरशीवर पसरला, पदर खोचला, काठाशी बसून हात लांब केला. हात पोचला नाही तिथून कात्री लावली.
"मागची गाडी पडली तं उचलता आली पायजे, बापू." (बापू म्हणजे मी.)
पसरलेल्या कागदांत फिरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते वर्षभर पाहिलं नव्हतं.

२५ मे
पहिली चौकट उभी. कापणं त्यांचं, ड्रिल माझं. वर प्लाय. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे. आईंनी दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकलं. हललं नाही. मग खाली जाऊन रेवतीला ओढत घेऊन आल्या. "तू बी टाक वजन."

८ जून
वाईट दिवस. चौकट पिळली. बाहेर भट्टी, आत कूलरचा ओलावा, लाकडाने तरी काय करावं. एक कोपरा चांगलाच वर आला आहे.
मी म्हटलं, पायाखाली पाचर ठोकू, कोणाला दिसतंय.
"गाडीले दिसते," आई म्हणाल्या.
स्क्रू उलटे फिरवून सगळं सोडवलं. लाकूड हॉलमध्येच रचलं, दोन थरांमधे काड्या, हवा खेळायला. "राहू द्या त्याले इथंच. खोलीची सवय होऊ द्या."
कुरकुर नाही, सुस्कारा नाही. चहा ठेवायला गेल्या. मी असतो तर लाथ घातली असती.

२९ जून
लाकूड पडून. आई मात्र बसून नाहीत. रोज विहारातून आल्या की वर. उरलेल्या तुकड्यांवर कोपरे जोडतात, तोडतात, परत जोडतात. तळहाताला फोड. रेवती रागावली तर म्हणाल्या, "पह्यल्यांदा काज शिवलं तवा बी आला होता."

२० जुलै
पुन्हा सुरुवात. तीन बाजू उभ्या, या खेपेला सरळ. पण चौथी बाजू लागली की मधे शिरायचं कसं? मी म्हटलं, वाकून खालून. आई वाकल्या, अर्ध्यात गेल्या आणि गुडघ्याने उठू दिलं नाही. मी धावलो.
"थांबा," म्हणाल्या. टेबलाखाली बसूनच वर पाहत राहिल्या. "खालून बी चांगलं झालं हो."
माझा जीव टांगणीला, यांना जोड दिसताहेत.
उठवलं. गुडघा शेकला. खाली जाणं बंद असं रेवतीने बजावलं. आईंनी ऐकून घेतलं आणि दाराजवळ उचलता तुकडा करायचं ठरवलं, किराणा दुकानात काउंटरला असतो तसा.

३ ऑग.
उचलता तुकडा लोंबतो. बिजागरी बदलली. तरी लोंबतो. आईंनी तो फेकून नवा केला, हलका. आता एका बोटाने उचलतात. मला मुद्दाम चार वेळा आतबाहेर करायला लावलं.

१६ ऑग., शनिवार
प्रशांत, रेवतीचा भाऊ, काल पुण्याहून आला. त्याच्या घरी बाळ येणार आहे. आईंना न्यायला आलाय. महिन्या-दोन महिन्यांसाठी नाही, राहायलाच.
वर आला, सगळं पाहिलं. "आई, हे काहून करून राहिली वं तू? हे कोण चालवन?"
"धर," आई म्हणाल्या आणि फळीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.
दुपारभर धरून होता. ऑफिसचे फोन येत होते, घेतले नाहीत. चार वाजता तोच टेबलाखाली पाठीवर आडवा, हातात पाना. तिथूनच विचारलं, "आई, दोन टेबलाच्या मधात बोल्ट काहून? डिंक लावून टाकाचा ना."
"खोलता येते म्हणून."
तो बाहेर आला. आईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. एवढे दिवस हाताखाली काम करतोय, माझ्या लक्षात नव्हतं. अख्खी रेल्वे तुकड्यातुकड्यांत सुटेल, जिन्यातून उतरेल अशी बांधलीय. कोणाला काही न सांगता.
 प्रशांत पाना घेऊन परत टेबलाखाली शिरला.

१७ ऑग.
प्रशांत परत गेला. आईंचं हो नाही, नाही पण नाही. रेवती रात्री जेवली नाही नीट. तिला आई जायला नको आहेत. मलाही. सासूबाई गेल्या तर जावई रडेल असं कोणी ऐकलंय का.

३१ ऑग., रविवार
प्रशांतचा फोटो आला फोनवर. त्याच्या फ्लॅटमधली खोली, सामान काढून रिकामी केलेली. फरशीवर मोजपट्टी. एका टोकाला त्याचा अंगठा, दुसऱ्या टोकाला बांगड्यांचा हात, म्हणजे बायकोचा. खाली लिहिलंय, इथं बसते का पाहा.
आईंनी फोटो मोठा करून, सरकवून सरकवून पाहिला. मग चष्मा पुसला.
"भिंतीवर ओल हाय त्याच्या," म्हणाल्या.
"मग, आई?"
"चौथी बाजू राह्यली. चला."
पट्ट्या घेऊन वर गेलो. त्या हातात पेन्सिल घेऊन उभ्या. पट्टी ठेवली, मोजपट्टी ताणली, टोक मी धरलं. कोणत्या खोलीचं माप, ते मी विचारलं नाही. त्यांनी खूण केली.